सामूहिक स्मृतीची खातेवही : संस्थेसाठी स्वतःचे विकी

कोणत्याही संस्थेची खरी संपत्ती तिच्या ताळेबंदात पूर्णपणे दिसत नाही. इमारत, ठेवी, फर्निचर यांची नोंद होते. परंतु संस्था कोणी स्थापन केली, पहिला गणेशोत्सव कोणत्या मैदानावर झाला, ग्रंथालयातील दुर्मीळ पुस्तके कोणी भेट दिली, यांची नोंद बहुधा एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या स्मरणात किंवा कार्यालयातील कपाटात असते. ती व्यक्ती गेली किंवा ते कपाट वाळवीने खाल्ले की ती संपत्ती कायमची नाहीशी होते, आणि तिच्यासाठी कोणतीही विमा योजना उपलब्ध नसते.

महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी समाजाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. या स्मृतीचे जतन करण्यासाठी आज एक स्वस्त आणि सर्वांना हाताळता येण्याजोगे साधन उपलब्ध आहे. त्याचे नाव ‘विकी’. ते कसे उभारावे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते वर्षानुवर्षे कसे चालू ठेवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

छत्तीसगडमधील मराठी वारसा

दुर्ग आणि भिलाई या जोडशहरांतील पद्मनाभपूर ही वसाहत उदाहरणादाखल घेऊ. नागपूरपासून रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर अंतरावरील या परिसराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर प्रस्थापित झाली आणि बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून १७५८ ते १७८७ या काळात कारभार पाहिला. पुढे ब्रिटिश अमदानीत आणि स्वातंत्र्यानंतरही, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, नागपूर, दुर्ग आणि रायपूर हे एकाच प्रांताचे भाग होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. शिक्षक, वकील, रेल्वे कर्मचारी आणि सरकारी नोकर यांचे येणे-जाणे त्यामुळे स्वाभाविकच होते.

याच भूमीत माधवराव सप्रे यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहसंपादक होते आणि प्रकाशनाची जबाबदारी वामन बळीराम लाखे यांनी उचलली होती. तीनही नावे मराठी, मासिक मात्र हिंदी. मराठी मातृभाषेच्या माणसांनी हिंदी पत्रकारितेची पायाभरणी करावी, हे या प्रदेशाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. आर्थिक अडचणींमुळे ते मासिक तीन वर्षांतच, १९०२ च्या अखेरीस, बंद पडले. बँकिंग क्षेत्रातील वाचकांना आवर्जून सांगण्याजोगी गोष्ट अशी की, याच लाखे यांनी १९१३ मध्ये रायपूर येथे सहकारी मध्यवर्ती बँकेच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

पुढे २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून अभियंते, तंत्रज्ञ आणि कामगार येथे आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्या पहिल्या पिढीपैकी जे हयात आहेत, ते आज नव्वदीच्या आसपास पोहोचले आहेत. त्यांची नातवंडे घरी मराठी बोलत असली तरी वाचन हिंदीतून किंवा इंग्रजीतून करतात. भोसलेकालीन नोंदी मोडी लिपीत आहेत, मंडळांची जुनी इतिवृत्ते हस्तलिखित मराठीत आहेत, स्मरणिका छापील आहेत आणि छायाचित्रे घरोघरी विखुरलेली आहेत. पुढील दहा वर्षांत यांपैकी जे नोंदले जाणार नाही, ते बहुतांशी हातचे जाईल.

विकी म्हणजे काय?

विकी म्हणजे अनेक व्यक्तींनी मिळून लिहावयाचा आणि सुधारावयाचा पानांचा संग्रह. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २५ मार्च १९९५ रोजी पहिले विकी कार्यान्वित केले. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी विकी’ म्हणजे ‘झटपट’. होनोलुलू विमानतळावर या नावाची बससेवा होती, तिच्यावरून त्यांनी हा शब्द घेतला. पान उघडावे, ‘संपादन’ या शब्दावर टिचकी द्यावी, मजकूर दुरुस्त करावा आणि जतन करावा, एवढीच त्याची कृती आहे. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडियाचा आरंभ झाला आणि ही कल्पना जगभर पोहोचली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत.

बँकेच्या परिभाषेत सांगावयाचे तर विकी ही एक खुली खातेवही आहे. खातेवहीतील चुकीची नोंद खोडून टाकता येत नाही. दुरुस्तीची वेगळी नोंद करावी लागते आणि मूळ नोंदही दिसत राहते. विकीतही प्रत्येक पानाचा ‘इतिहास’ जतन होतो. कोणत्या सभासदाने, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला, हे कोणालाही पाहता येते. एखाद्याने चुकून किंवा खोडसाळपणे मजकूर पुसला, तरी एका टिचकीने पूर्वीची आवृत्ती परत आणता येते. त्यामुळे नवख्या माणसालाही लेखनाची मोकळीक देता येते. चूक होणारच नाही, अशी अपेक्षा येथे नसते. झालेली चूक सापडेल आणि ती सुधारता येईल, एवढी व्यवस्था मात्र असते.

विकिपीडिया असताना स्वतंत्र विकी कशासाठी?

हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे पहिले उत्तर विकिपीडियाच्या नियमांतच सापडते. तेथे विषयाची उल्लेखनीयता सिद्ध करावी लागते आणि प्रत्येक विधानास प्रकाशित संदर्भ असावा लागतो. मौखिक आठवणी किंवा स्वतंत्र संशोधन यांना तेथे स्थान नाही. विश्वकोशाच्या दृष्टीने हे नियम योग्यच आहेत. परंतु पद्मनाभपुरातील हळदीकुंकवाचा कार्यक्रम, भजनी मंडळाची परंपरा किंवा एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिकेचे कार्य यांना त्या नियमांत बसवता येत नाही. स्थानिक स्मृतीला स्थानिक घर हवे.

दुसरे उत्तर मालकीचे आहे. फुकट मिळणाऱ्या परक्या सेवेवर आपले साहित्य ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या तिजोरीत, पावतीशिवाय दागिने ठेवणे होय. २००९ मध्ये जिओसिटीज ही सेवा बहुतेक जगात बंद झाली आणि तेथील असंख्य पाने नाहीशी झाली. भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. विकीची पाने फुकट पुरवणाऱ्या विकीस्पेसेस या सेवेने २०१८ मध्ये आपला गाशा गुंडाळण्याचे जाहीर केले. देशविदेशांतील गट ज्यावर विसंबून होते, ती याहू ग्रुप्स ही सेवाही डिसेंबर २०२० मध्ये संपली. या सेवा देणाऱ्यांनी कोणाचा विश्वासघात केला, असे नव्हे. त्यांचा व्यवसाय संपला आणि साहित्य त्यांच्या ताब्यात होते, इतकेच. संस्थेने स्वतःच्या नावाने घेतलेल्या जागेवर विकी उभारले, तर सेवा पुरवणारा बदलला तरी साहित्य उचलून दुसरीकडे नेता येते.

उभारणीचे टप्पे

स्वतःचे विकी उभारण्यासाठी तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि सॉफ्टवेअर.

नाव म्हणजे डोमेन. ते घराच्या पत्त्यासारखे असते आणि ठरावीक मुदतीसाठी भाड्याने मिळते. भारतात ‘डॉट इन’ ही नावे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया या संस्थेच्या देखरेखीखाली दिली जातात. देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा पर्यायही ऑगस्ट २०१४ पासून उपलब्ध आहे. नावाचे महत्त्व किती, हे बँक ग्राहकांना वेगळे सांगणे नको. बनावट संकेतस्थळांना आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली येण्यास सांगितले होते. संस्थेनेही आपले डोमेन संस्थेच्याच नावाने नोंदवावे. उत्साही तरुण सभासद ते स्वतःच्या नावाने व स्वतःच्या कार्डावर घेतो, पुढे नोकरीनिमित्त पुण्याला किंवा परदेशी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते आणि एके दिवशी ते नाव दुसऱ्याच्या हाती जाते. सामुदायिक संकेतस्थळे बंद पडण्याचे हे फार मोठे कारण आहे.

जागा म्हणजे होस्टिंग. इंटरनेटला अखंड जोडलेल्या सर्व्हरवरील हिस्सा वार्षिक शुल्कावर मिळतो. काही शे पानांच्या विकीसाठी साधे सामायिक होस्टिंग पुरते. मंडळाच्या कार्यालयातील जुन्या संगणकावरही विकी चालवता येते, पण वीज गेली की विकीही जाते. त्यामुळे तो मार्ग सरावापुरता ठीक.

सॉफ्टवेअरचे दोन पर्याय विशेष विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला मीडियाविकी. विकिपीडियासाठी मॅग्नस मान्स्के यांनी लिहिलेली व जानेवारी २००२ मध्ये वापरात आलेली प्रणाली हे त्याचे मूळ. ते पीएचपी या संगणकीय भाषेत लिहिलेले असून मजकूर मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीसारख्या विदागारात साठवते. दुसरा पर्याय डोकूविकी. आंद्रेआस गोर यांनी २००४ मध्ये तयार केलेल्या या प्रणालीस विदागार लागत नाही. प्रत्येक पान ही एक साधी मजकूर फाइल असते. दोन्ही मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात.

निवड करताना संस्थेने आपली क्षमता ओळखावी. पाने हजारांत जाणार असतील, छायाचित्रे भरपूर असतील आणि तांत्रिक जाण असलेले दोन-तीन सभासद असतील, तर मीडियाविकी उत्तम. विकिपीडियावर लिहिण्याचा सराव असलेल्यांना ते लगेच ओळखीचे वाटते. छोटे मंडळ, मोजकी पाने आणि तांत्रिक मदत तुटपुंजी असेल, तर डोकूविकी सोयीचे. त्याच्या फोल्डरची प्रत काढली की बॅकअप झाला. शिवाय उद्या ते सॉफ्टवेअरच बंद पडले, तरी साध्या मजकूर फाइली कोणत्याही संगणकावर वाचता येतील.

प्रत्यक्ष स्थापना तासाभराचे काम आहे. सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवावे, ब्राउझरमध्ये पत्ता उघडावा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत : विकीचे नाव, भाषा, प्रशासकाचा पासवर्ड. भाषा ‘मराठी’ निवडली की सूचनाही मराठीत दिसू लागतात, कारण जगभरच्या स्वयंसेवकांनी त्यांचे भाषांतर आधीच करून ठेवले आहे.

मराठीची विशेष काळजी

मराठी विकीसाठी काही बाबींकडे आरंभीच लक्ष द्यावे लागते. पहिली बाब युनिकोडची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील अनेक स्मरणिका ‘श्रीलिपी’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरजुळणी केलेल्या असतात. त्यांतील मजकूर जसाच्या तसा चिकटवला, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हे उमटतात. तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून डोळ्यांखालून घालावा लागतो. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतील अर्धा र आणि जोडाक्षरे यांची तपासणी विशेष काळजीने करावी.

दुसरी बाब शुद्धलेखनाची. हिंदीत ‘पद्मनाभपुर’ असे ऱ्हस्व लिहितात, मराठीत ‘पद्मनाभपूर’ असे दीर्घ. माणसाला दोन्ही एकच. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका नावाने लिहिलेले पान दुसऱ्या नावाने शोधणाऱ्याला सापडत नाही. यासाठी विकीत ‘पुनर्निर्देशन’ ही सोय असते. मुख्य पान एकाच नावाने ठेवावे आणि इतर रूपांवरून वाचकाला आपोआप तेथे आणावे. आडनावांबाबतही हाच नियम पाळावा.

तिसरी बाब वाचकाची. तिसऱ्या पिढीपर्यंत पोहोचावयाचे असेल, तर महत्त्वाच्या पानांवर हिंदीत चार-सहा वाक्यांचा सारांश द्यावा. सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ हिंदीत नेले. दोन्ही भाषांत सहज वावरणे ही या प्रदेशाचीच रीत आहे.

लेखनाचे अधिकार आणि जबाबदाऱ्या

‘कोणीही लिहावे’ हे विकिपीडियाचे तत्त्व छोट्या संस्थेला जसेच्या तसे परवडत नाही. जाहिराती चिकटवणारे स्वयंचलित प्रोग्राम असुरक्षित विकी शोधत सतत फिरत असतात आणि लक्ष नसलेले विकी काही आठवड्यांत औषधांच्या व जुगाराच्या जाहिरातींनी भरून जाते. म्हणून वाचन सर्वांना खुले आणि संपादन केवळ नोंदणीकृत सभासदांना, अशी रचना करावी. खाते प्रशासकाने उघडून द्यावे. मीडियाविकीमध्ये ही बंधने सेटिंगच्या फाइलमधील एक-दोन ओळींनी घालता येतात.

बँकेत एकाने व्यवहाराची नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासावी, असा दंडक आहे. विकीतही हीच शिस्त सौम्य स्वरूपात आणता येते. ‘अलीकडील बदल’ नावाचे पान असते, त्यात प्रत्येक संपादन दिसते. दोन सभासदांनी आठवड्यातून एकदा ते पान पाहण्याची जबाबदारी घेतली, तर बहुतेक दोष वेळीच सापडतात. प्रशासक किमान तीन असावेत आणि त्यांत निदान एक जण तरुण असावा. पासवर्ड एकमेकांत वाटून घेऊ नयेत. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असावे. ‘कोणी केले’ हे कळणे हाच खातेवहीचा प्राण आहे.

काय लिहावे, काय टाळावे

आरंभ सोप्या पानांपासून करावा : वसाहतीचा इतिहास, मंडळाचे आजवरचे अध्यक्ष, वार्षिक उत्सव, ग्रंथालयातील पुस्तकांची सूची, जुन्या स्मरणिकांची अनुक्रमणिका. त्यानंतर आठवणी. ज्येष्ठ व्यक्तीच्या घरी जाऊन बोलणे ध्वनिमुद्रित करावे, ते उतरवून काढावे आणि त्यांना वाचून दाखवून संमती घ्यावी. प्रत्येक विधानाखाली ते कोठून मिळाले हे लिहावे : इतिवृत्त, छायाचित्र की मुलाखत. दोघांच्या आठवणीत तफावत असेल, तर दोन्ही नोंदवाव्यात.

स्वामित्वहक्काचे भान ठेवणे आवश्यक आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत त्याच्या साहित्यकृतीवर हक्क अबाधित असतो. त्यामुळे १९८० च्या स्मरणिकेतील कविता लेखकाच्या वा वारसांच्या परवानगीवाचून संपूर्ण छापता येत नाही. तिची नोंद मात्र करता येते. याउलट, १९२६ मध्ये निधन पावलेल्या माधवराव सप्रे यांचे साहित्य आता हक्कमुक्त आहे. संस्थेने स्वतःच्या मजकुरासाठी क्रिएटिव्ह कॉमन्ससारखा मुक्त परवाना जाहीर करावा, म्हणजे पुढील पिढीला तो निःशंकपणे वापरता येईल.

सर्वाधिक सावधगिरी व्यक्तिगत माहितीबाबत हवी, आणि येथे बँक ग्राहकांनी विशेष दक्ष राहावे. कौटुंबिक आठवणी लिहिताना जन्मतारीख, आईचे माहेरचे नाव, घरचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक सहज लिहिले जातात. परंतु खातेदाराची ओळख पटवताना विचारले जाणारे प्रश्न नेमके हेच असतात. ‘आजींचे शतक’ या कौतुकाच्या पानावरून फसवणूक करणाऱ्याला ग्राहक सेवा केंद्राच्या प्रश्नांची निम्मी उत्तरे मिळू शकतात. हयात व्यक्तीच्या बाबतीत जन्माचे केवळ वर्ष किंवा दशक द्यावे. जुन्या इतिवृत्तांची छायाचित्रे चढवताना त्यांत खाते क्रमांक, धनादेशाच्या प्रती, सह्यांचे नमुने किंवा ओळखपत्रांच्या छायाप्रती नाहीत ना, हे पान पान तपासावे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीवर भर दिला आहे. बालनाट्याच्या छायाचित्राखाली मुलाचे पूर्ण नाव आणि शाळा लिहिण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

देखभाल : खरी कसोटी

विकी सुरू करणे सोपे. पाचव्या वर्षी ते चालू असणे कठीण. देखभालीची तीन अंगे आहेत : बॅकअप, अद्ययावतीकरण आणि देखरेख.

बॅकअपचा एक सुटसुटीत नियम जगभर मानला जातो. साहित्याच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या माध्यमांवर असाव्यात आणि एक तरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या विदा केंद्राला आग लागली. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता, त्यांपैकी अनेकांचे साहित्य परत मिळाले नाही. लॉकरची दुसरी किल्ली लॉकरमध्येच ठेवण्यासारखा हा प्रकार झाला. पद्मनाभपुरातील मंडळाने सर्व्हरवरील प्रतीखेरीज एक प्रत कार्यालयातील बाह्य डिस्कवर आणि एक नागपूर किंवा पुण्यातील सभासदाकडे ठेवावी.

मीडियाविकीचा बॅकअप घेताना विदागार, छायाचित्रांचे फोल्डर आणि सेटिंगची फाइल अशा तीन गोष्टी घ्याव्या लागतात. यांपैकी एकच घेतली, तर पुनर्स्थापना अपुरी राहते. वर्षातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून विकी प्रत्यक्ष चालते की नाही, हे पाहावे. अग्निशमन यंत्र भिंतीवर टांगून चालत नाही, ते चालते का हेही तपासावे लागते.

जुन्या प्रतीचे मोल किती असते, याचे उदाहरण खुद्द विकिपीडियात आहे. आरंभीच्या महिन्यांत तेथे वापरलेले सॉफ्टवेअर पानांच्या जुन्या आवृत्त्या कायम ठेवत नसे. त्यामुळे २००१ मधील कित्येक संपादनांचा इतिहास हरवल्याचे मानले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टार्लिंग या तंत्रज्ञाला त्या काळाचे जुने बॅकअप सापडले आणि जवळजवळ दहा वर्षांनी तो इतिहास हाती आला.

अद्ययावतीकरण म्हणजे सॉफ्टवेअरमधील सुरक्षेच्या त्रुटी बुजवणे. मीडियाविकीच्या काही आवृत्त्या दीर्घकालीन साहाय्याच्या असतात. डिसेंबर २०२४ मध्ये आलेली १.४३ ही अशीच आवृत्ती असून तिला डिसेंबर २०२७ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. छोट्या संस्थेने अशीच आवृत्ती निवडावी, तिच्या लहान दुरुस्त्या वेळेवर बसवाव्यात आणि मुदत संपण्यापूर्वी पुढील दीर्घकालीन आवृत्तीकडे जावे. प्रत्येक वेळी आधी बॅकअप, मग बदल, हा क्रम मोडू नये. आकर्षक जोडण्यांचा मोहही आवरावा. प्रत्येक जोडणी ही पुढील देखभालीचे कर्ज असते.

देखरेखीत अलीकडे एक नवी अडचण वाढली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींसाठी मजकूर गोळा करणारे प्रोग्राम संकेतस्थळांवर मोठा भार टाकतात. विकिमीडिया प्रतिष्ठानने एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की, जानेवारी २०२४ पासून चित्रे व चित्रफिती उतरवून घेण्याचे प्रमाण ५० टक्क्यांनी वाढले. छोट्या विकीने भेटींची मर्यादा घालण्याची सोय सेवा पुरवणाऱ्याकडून करून घ्यावी.

खर्चाची तरतूद

सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी डोमेन आणि होस्टिंग यांचा खर्च दरवर्षी येतो. पहिल्या वर्षी देणगीदार सहज मिळतो. चौथ्या वर्षीच्या नूतनीकरणासाठी कोणी पुढे येत नाही. म्हणून आवर्ती खर्चाला आवर्ती उत्पन्नाची जोड हवी. समजा, वार्षिक खर्च ६,००० रुपये आहे. संस्थेने एक लाख रुपयांची मुदत ठेव केवळ या कामासाठी राखून ठेवली आणि तीवर ६.५ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ६,५०० रुपये हाती येतात. व्याजदर बदलतात, हे गृहीत धरून थोडी अधिक रक्कम ठेवावी. वीस कुटुंबांनी प्रत्येकी ५,००० रुपये दिले, तरी ही तरतूद एकदाच होऊन जाते.

खाते संस्थेच्या नावाने, संस्थेच्या पॅनवर आणि किमान दोघांच्या संयुक्त सहीने चालणारे असावे. वारसनोंदणीची सोय वैयक्तिक ठेवींना असते; संस्थेच्या खात्याला ती लागू होत नाही. म्हणून पदाधिकारी बदलताच कार्यकारिणीचा ठराव करून सह्यांचे अधिकार बदलणे अगत्याचे आहे. त्याच ठरावात डोमेनचे खाते, होस्टिंगचे खाते आणि विकीचे प्रशासकपद कोणाकडे सोपवले, हेही नमूद करावे. नूतनीकरणाची तारीख वार्षिक सर्वसाधारण सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत लेखापरीक्षणाशेजारी घालावी. तसेच एका कागदावर सर्व सेवांची नावे, मुदती आणि संपर्क लिहून तो कागद सीलबंद पाकिटात संस्थेच्या लॉकरमध्ये ठेवावा.

ज्ञानसंवर्धनाची परंपरा

ज्ञानाचे काम पैशाच्या शिस्तीवाचून टिकत नाही, याची जाण मराठी समाजाला पूर्वीपासून आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, ते आधी मर्यादित कंपनी स्थापून आणि भांडवल उभारून. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि त्यामागे शासनाचे पाठबळ होते. ‘छत्तीसगड मित्र’ मात्र पैशाअभावी तिसऱ्या वर्षी थांबले. संपादकांच्या निष्ठेत काहीच उणे नव्हते.

पद्मनाभपूर असो वा महाराष्ट्राबाहेरील दुसरी कोणतीही मराठी वस्ती, तेथील मंडळाला ज्ञानकोशाएवढे भांडवल लागत नाही. एक लाखाची ठेव, तीन जबाबदार सभासद आणि महिन्यातून दोन रविवार एवढ्यावर हे काम चालू शकते. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडावा, ठराव करावा आणि पहिल्या पानासाठी वस्तीतील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीची वेळ घ्यावी. संस्थेचे खाते, मुदत ठेव आणि लॉकर यांविषयीची माहिती व आवश्यक अर्ज आपल्या नजीकच्या शाखेत मिळू शकतील.